'इतर' हा पर्याय सगळेच का निवडतात?

प्रश्न

एका वाचकाचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून ते थोडक्यात देते.

या वाचकाला बिझनेस अ‍ॅनालिस्ट (बीए) म्हणून, म्हणजे वापरणाऱ्यांच्या गरजा समजून घेऊन त्या प्रणाली बनवणाऱ्यांसाठी मांडण्याच्या कामाचा, सहा वर्षांचा अनुभव आहे. मालवितरण करणाऱ्या एका कंपनीसाठी परत आलेल्या मालाची नोंद ठेवणारी प्रणाली उभी करण्याचं काम त्यांच्या टीमकडे होतं. विभागप्रमुखांबरोबर दोन दिवस बैठका झाल्या. त्यातून 140 पानांचं रिक्वायरमेंट डॉक्युमेंट, म्हणजे प्रणालीने काय काय करायला हवं याची नोंद, तयार झालं. त्यात 212 रिक्वायरमेंट होत्या, त्यांपैकी 190 ना 'हाय प्रायॉरिटी' होती, आणि शेवटी पाचही विभागप्रमुखांच्या सह्या होत्या. प्रकल्प वेळेत आणि बजेटमध्ये पूर्ण झाला. तीन महिन्यांत गोदामातले लोक पुन्हा वही आणि एक्सेलवर गेले. आढावा बैठकीत 'रिक्वायरमेंट अपुऱ्या होत्या' असा शेरा पडला. वाचक विचारतात, 'त्यांनी जे सांगितलं ते सगळं मी लिहिलं. त्यांनी वाचून सही केली. मग चूक माझी कशी?' भरीस भर म्हणजे कंपनी आता स्क्रमकडे, म्हणजे छोट्या टप्प्यांत प्रणाली बनवण्याच्या पद्धतीकडे, वळते आहे आणि 'यापुढे वेगळा बीए लागणार नाही' असं कानावर येतंय. सर्टिफिकेशन करावं, प्रॉडक्ट ओनर (टीमने कोणतं काम आधी करायचं हे ठरवणारी व्यक्ती) व्हावं की सरळ प्रोजेक्ट मॅनेजमेंटकडे जावं, असा त्यांचा प्रश्न आहे. आणि शेवटी एक ओळ: 'या कामाने प्रकल्पाच्या यशात खरंच काही फरक पडतो का?'

उत्तर

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमचा संताप जाणवला, आणि तो मला समजला. दुसऱ्यांदा वाचताना मधल्या परिच्छेदातल्या एका वाक्यापाशी थांबले. तुम्ही ते जाता जाता लिहिलं आहे: 'पावती क्रमांक मिळण्याआधी माल परत येण्याचं कारण निवडणं सक्तीचं आहे, चौदा कारणांची यादीही दिली आहे, पण गोदामातल्या लोकांना शिस्त नाही, ते सगळ्यालाच "इतर" टाकतात. दोनदा ट्रेनिंग देऊनही तेच.'

तुमच्या पत्रातलं हे सगळ्यात मोलाचं वाक्य आहे असं मला वाटतं.

क्षणभर त्या गेटवर उभे राहा. ट्रक आलाय. ड्रायव्हरला पुढच्या ठिकाणी पोचायचंय, मागे दुसरा ट्रक ताटकळतोय. खोकं टेपने बंद आहे. नोंद करणाऱ्या माणसाला फक्त एवढंच माहीत आहे की अमुक ग्राहकाकडून तमुक खोकं परत आलं. आत माल फुटलाय, चुकीचा गेला होता, की ग्राहकाला नकोच होता, हे त्याला ठाऊक नाही. खोकं उघडेल ते तपासणीच्या टेबलावर, दुपारी किंवा दुसऱ्या दिवशी, आणि उघडणारा माणूसही दुसराच. पण स्क्रीन म्हणते, कारण दिल्याशिवाय पावती नाही. चौदा पर्यायांपैकी तेरा त्याच्या दृष्टीने खोटे आहेत. म्हणून तो चौदावा निवडतो.

मी तुमचं गोदाम पाहिलेलं नाही, तेव्हा हा माझा तर्क आहे आणि तो चुकीचा असू शकतो. पण एकाच रकान्यात सगळेच जण एकच उत्तर भरत असतील, तर मी आधी त्या रकान्यावर शंका घेते, माणसांवर नंतर. ती माणसं तुम्हाला रोज, प्रत्येक नोंदीत एक रिक्वायरमेंट सांगत आहेत: माल आल्याची नोंद आणि परत येण्याचं कारण या दोन गोष्टी दोन वेळी, दोन माणसांना कळतात, त्या एका स्क्रीनवर बांधू नका. पहिल्या महिन्यात हे कळलं असतं तर फळ्यावरच्या आराखड्यातला एक चौकोन पुसून दोन काढले असते आणि काम भागलं असतं. आता त्यासाठी डेटाबेस, रिपोर्ट, चाचण्या आणि ट्रेनिंग, सगळ्याला हात लावावा लागेल. बीएच्या कामाने फरक पडतो का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर या दोन खर्चांमधल्या अंतरात आहे.

मग हे कुणी सांगितलं का नाही? तुम्ही ज्यांच्याशी बोललात ते विभागप्रमुख होते. त्यांनी तुमच्यापासून काही लपवलं असं मला वाटत नाही. कारणनिहाय रिपोर्ट त्यांना खरोखर हवा आहे. काम कसं व्हायला हवं हे त्यांना माहीत असतं. गर्दीच्या वेळी गेटवर ते कसं होतं, हे माहीत असणारा माणूस त्या बैठकीत नव्हता. आणि तो असता तरी आपणहून बोलला असता याची खात्री नाही. नोरिआकी कानो या जपानी प्राध्यापकांनी 1984 मध्ये ग्राहकांच्या गरजांची जी मांडणी केली, तिच्यात एक प्रकार असा आहे की ती गरज भागली तर कुणी कौतुक करत नाही, आणि भागली नाही तर मात्र सगळं बिनसतं. अशा गरजा लोक बोलून दाखवत नाहीत, कारण त्या सांगाव्या लागतील हेच त्यांच्या मनात येत नाही. खोकं उघडल्याशिवाय आतलं कळत नाही, हे कुणी बैठकीत हात वर करून सांगेल का?

म्हणून 'त्यांनी जे सांगितलं ते सगळं मी लिहिलं' या तुमच्या वाक्याशी मला थोडं भांडायचं आहे. ते खरं आहे, पण पुरेसं नाही. सांगितलेलं टिपून घेणं हा या कामाचा सोपा भाग. न सांगितलेलं कुठे दडलं असेल याचा अंदाज घेऊन तिथे जाणं हा अवघड भाग, आणि आपल्याला पगार मिळतो तो मुख्यतः त्यासाठी.

आता सहीबद्दल. पाच सह्या घेतल्या म्हणजे पाच जणांची समज एक झाली, असं तुम्ही धरून चालला आहात. मीही बरीच वर्षं तसंच धरून चालले होते. मी काम करत असलेल्या एका ठिकाणी तक्रारनिवारणाची प्रणाली बनत होती. डॉक्युमेंटमध्ये मी लिहिलं, 'तक्रार बंद झाल्यावर ग्राहकाला संदेश जावा.' तीन विभागांनी सही केली. कुणालाही शंका आली नाही, मलाही नाही. सुरू झाल्यावर कळलं की फोन घेणाऱ्या विभागाच्या लेखी तक्रार 'बंद' होते ती तंत्रज्ञाकडे सोपवली की. दुरुस्ती विभागाच्या लेखी तंत्रज्ञ जाऊन आला की. आणि हिशेब विभागाच्या लेखी सुट्या भागांचं बिल चुकतं झालं की. बंद पडलेलं यंत्र तसंच समोर असताना ग्राहकांना 'आपली तक्रार बंद झाली आहे' असे संदेश जायला लागले. तिघांनी एकाच शब्दावर सही केली होती आणि तिघांच्या मनात तीन निरनिराळ्या गोष्टी होत्या. त्या शब्दाची व्याख्या विचारायला मला दहा मिनिटं लागली असती. ती दहा मिनिटं मी दिली नाहीत, याची रुखरुख अजून आहे.

अशी चूक फार मोठ्या ठिकाणीही होते. 1999 च्या सप्टेंबरमध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाजवळ पोचताना नष्ट झालं. जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरमधून आकडे बाहेर पडत होते ते पाउंड-सेकंदांत, आणि ते वापरणारे ते न्यूटन-सेकंद समजून वापरत होते. कोणतं एकक वापरायचं हे कागदावर ठरलेलं होतं. पण दोन्ही बाजू प्रत्यक्षात एकच गोष्ट समजताहेत ना, याची पडताळणी व्हायला हवी होती तशी झाली नाही.

तुमच्या परिस्थितीशी आणखी जवळचं उदाहरण लंडनचं आहे. 26 ऑक्टोबर 1992 रोजी लंडन अ‍ॅम्ब्युलन्स सेवेने गाड्या पाठवण्याचं काम नव्या संगणकप्रणालीवर नेलं. काही तासांतच गोंधळ माजला. एकाच ठिकाणी दोन गाड्या पोचल्या, तर कुठे गाडी येता येईना. काही दिवसांतच त्यांना पुन्हा कागदावर यावं लागलं. 1993 च्या चौकशी अहवालात अनेक कारणं आहेत: घाईचं वेळापत्रक, अपुऱ्या चाचण्या, सॉफ्टवेअरमधले दोष. पण मला त्यातली एक गोष्ट विसरता येत नाही. प्रत्येक गाडी कुठे आहे आणि कोणत्या स्थितीत आहे याची जवळजवळ बिनचूक माहिती सतत मिळत राहील, असं त्या प्रणालीने गृहीत धरलं होतं. ती माहिती यायची गाडीतल्या कर्मचाऱ्यांनी योग्य वेळी, योग्य क्रमाने बटणं दाबली तर. रुग्णाला उचलण्याच्या धावपळीत ते नेहमी जमणारं नव्हतं. आणि प्रणालीची आखणी होताना त्या कर्मचाऱ्यांना पुरेसं सामील करून घेतलेलं नव्हतं. तुमचं गेट आणि ती अ‍ॅम्ब्युलन्स यांत मला फारसा फरक दिसत नाही. दोन्हीकडे हातात दुसरं काम असलेल्या माणसाकडून त्या क्षणी देता न येणारी माहिती मागितली गेली.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की मीही खापर तुमच्याच डोक्यावर फोडते आहे. तसं नाही. तुमच्या वाट्याचं किती आणि इतरांच्या वाट्याचं किती, हे वेगळं करणं तुमच्या मनःशांतीसाठी गरजेचं आहे. गोदाम न पाहता लिहिलं, हे तुमच्याकडे येतं. पण पाच विभागांच्या गरजा समजून घ्यायला दोन दिवस कुणी ठरवले? गोदामातल्या लोकांना बोलावलं नाही, हा निर्णय कुणाचा? यूएटी, म्हणजे प्रणाली सुरू करण्याआधी वापरणाऱ्यांच्या बाजूने होणारी चाचणी, कुणी केली? तुमच्या पत्रात म्हटलंय की ती विभागप्रमुखांच्या सहायकांनी ऑफिसात बसून, आधी तयार केलेल्या नमुना नोंदींवर केली. नमुना नोंदीत कारण आधीच लिहिलेलं असतं, मग अडचण दिसणार कशी? हे निर्णय तुमच्या एकट्याचे नव्हते.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात मार्च 2010 मध्ये आरोग्यखात्याची नवी पगारप्रणाली सुरू झाली आणि हजारो कर्मचाऱ्यांना चुकीचा पगार मिळाला, काहींना मिळालाच नाही. सगळं निस्तरण्याचा एकूण खर्च 1.2 अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत जाईल असा अंदाज होता. 2013 च्या चौकशी आयोगाने गरजा नीट निश्चित न करताच काम पुढे रेटल्याचं नोंदवलं, आणि दोष पुरवठादार व सरकार दोघांनाही दिला. 'रिक्वायरमेंट अपुऱ्या होत्या' हा शेरा तुमच्या आढावा बैठकीत एका माणसाकडे बोट दाखवून देण्यात आला. तो सगळ्या टेबलाला उद्देशून असायला हवा होता, कारण अपुऱ्या रिक्वायरमेंटवर पुढे जायचं हे त्या टेबलानेच ठरवलं होतं.

तुमच्या पत्रात एक गोष्ट मात्र मला सापडली नाही, आणि मी ती मुद्दाम शोधली. ही प्रणाली कंपनीला हवी कशासाठी होती? परत आलेल्या मालाचे पैसे ग्राहकांना उशिरा मिळतात म्हणून? चांगला माल महिनोन्‌महिने कोपऱ्यात पडून राहतो म्हणून? फुटका माल पाठवणारा पुरवठादार ओळखायचा होता म्हणून? पानांची, रिक्वायरमेंटची, सह्यांची संख्या तुम्ही दिलीत, वेळ आणि बजेट पाळल्याचं सांगितलंत, पण यातलं काहीच लिहिलं नाहीत. प्रकल्प वेळेत झाला हे कौतुकाचं आहे, पण ते आखणीचं यश. ज्या दुखण्यासाठी पैसे खर्च केले ते दुखणं कमी झालं का, याचं उत्तर द्यायला तुमच्याकडे आज मोजमापच नाही. म्हणूनच बैठकीत तुमच्या बाजूने बोलायला सहीशिवाय काही उरलं नाही.

हे ध्येय पहिल्या पानावर दोन ओळींत असतं, तर त्या 190 'हाय' रिक्वायरमेंटचं काय करायचं हेही कळलं असतं. सगळंच तातडीचं असलं की क्रम टीमच्या सोयीने लागतो, म्हणजे जे बांधायला सोपं ते आधी. डाय क्लेग यांनी 1994 मध्ये मांडलेली, प्राधान्य ठरवण्याची मॉस्को (MoSCoW) पद्धत तुम्हाला माहीत असेलच: असायलाच हवं, असावं, असलं तर बरं, आणि या वेळी नाही. माझा अनुभव असा की लोकांना श्रेणी द्यायला सांगितली की ते सगळ्याला वरचीच श्रेणी देतात. मी म्हणते, 'समजा तारीख हलत नाही आणि या दोनपैकी एकच होणार आहे, कोणतं ठेवू?' मग खरं बोलणं सुरू होतं. तुमच्या चौदा कारणांना लावा हीच कसोटी. प्रत्येक कारणापुढे विचारा, हे कळल्यावर कोण कोणता निर्णय घेणार? 'पॅकिंग सैल' आणि 'पॅकिंग फाटलेलं' या दोन्हींवर पुढची कृती एकच असेल, तर ती दोन कारणं नाहीत. मला वाटतं चौदातली चार-पाच उरतील, आणि चार-पाच कारणं तपासणीच्या टेबलावरचा माणूस न कंटाळता भरेल.

प्रश्न विचारण्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण असंच पत्र आणखी दोघांनी पाठवलं आहे. 'तुम्हाला काय हवंय?' या प्रश्नाला माणूस आपल्या कल्पनेतला उपाय सांगतो: एक बटण, एक रिपोर्ट, एक रकाना. त्याऐवजी म्हणा, 'शेवटचं परत आलेलं खोकं आठवा. ते आल्यापासून काय काय झालं, सांगा.' शेवटचं म्हणजे खरंच शेवटचं, 'साधारणपणे काय होतं' ते नको. साधारणपणे सगळं सुरळीतच होत असतं, अडचणी एखाद्या विशिष्ट खोक्याच्या गोष्टीत निघतात. मध्येच कुणी म्हणेल, 'मग मी त्याला फोन करून विचारतो.' तिथे थांबा. तो फोन कुठल्याही प्रोसेस फ्लोमध्ये, म्हणजे कामाच्या टप्प्यांच्या आकृतीत, नसतो आणि बरेचदा सगळं काम त्या फोनवर चाललेलं असतं. टोयोटाच्या कारखान्यांतून आलेली 'पाच वेळा का' विचारण्याची पद्धत बीएंच्या आवडीची आहे, मीही वापरते, पण माणसासमोर बसून पाचदा 'का' म्हटलं की उलटतपासणी वाटते आणि समोरचा मिटतो. 'मग पुढे काय होतं?' आणि 'हे नाही झालं तर काय अडतं?' या दोन प्रश्नांनी तिथवरच पोचता येतं.

आणि ती वही! लोक वहीवर परत गेले याचं तुम्हाला वाईट वाटलं. मी तुमच्या जागी असते तर ती वही हातात घेऊन संध्याकाळ घालवली असती. तिच्यात कोणते रकाने आहेत? कोणते तुमच्या स्क्रीनवर नाहीत? समासात काय लिहिलंय, कशाला गोल केलाय, कोणतं पान दुमडलंय? ती वही म्हणजे वापरणाऱ्यांनी स्वतः लिहिलेलं रिक्वायरमेंट डॉक्युमेंट आहे. 140 पानांशी तिची तुलना करा.

आता स्क्रम. 'वेगळा बीए लागणार नाही' हे ऐकून घाबरणं स्वाभाविक आहे. स्क्रम गाइडच्या 2020 च्या आवृत्तीत तीनच जबाबदाऱ्या आहेत: प्रॉडक्ट ओनर, स्क्रम मास्टर आणि डेव्हलपर. बीए हा शब्द त्यात नाही. पण टेस्टर हाही शब्द नाही, तरी चाचणी कुणी थांबवलेली नाही. पद जाईल कदाचित, काम राहील, आणि ते कुणीतरी करावंच लागेल. उलट अशा टीम वापरतात त्या यूजर स्टोरीची, म्हणजे वापरणाऱ्याची गरज एका कार्डावर थोडक्यात लिहिण्याची, मूळ कल्पना तुमच्याच कामाच्या बाजूची आहे. रॉन जेफ्रीज यांनी 2001 मध्ये स्टोरीचे तीन भाग सांगितले: कार्ड, संभाषण आणि खातरजमा. कार्डावरची ओळ ही पुढे बोलायचं आहे याची आठवण असते, सगळा मजकूर त्या बोलण्यात असतो. अनेक टीममध्ये कार्ड तेवढं उरतं आणि संभाषण गळून जातं. असं झालं की 140 पानी डॉक्युमेंटचे 140 तुकडे होतात, बाकी बदलत नाही. तुमच्या टीममध्ये ते संभाषण घडवून आणणारा माणूस तुम्ही होऊ शकता, पदाचं नाव काहीही असो.

प्रॉडक्ट ओनर व्हायचं का? एकच गोष्ट तपासा: बॅकलॉगचा, म्हणजे करायच्या कामांच्या यादीचा, क्रम ठरवण्याचा, एखाद्या प्रमुखाला 'या वेळी नाही' म्हणण्याचा अधिकार तुम्हाला खरोखर मिळणार आहे का? मिळत असेल तर जरूर घ्या, तुमच्यासारखा तपशिलात शिरणारा माणूस तिथे हवा. नाव प्रॉडक्ट ओनरचं आणि प्रत्येक निर्णय वरून विचारून घ्यायचा, अशी व्यवस्था असेल तर नको. त्यात आजचीच तगमग वाढेल. प्रोजेक्ट मॅनेजमेंटबद्दल मी फार बोलणार नाही. तारखा, माणसं, पैसा आणि जोखीम यांची सांगड घालण्यात तुम्हाला आनंद वाटत असेल तर ते चांगलं क्षेत्र आहे. पण तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख 'सुटका' म्हणून आलाय, आणि सुटका म्हणून निवडलेलं काम फार काळ रुचत नाही.

सर्टिफिकेशनचं असं आहे. इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ बिझनेस अ‍ॅनालिसिस ही संस्था 2003 पासून या क्षेत्रात आहे. तिच्या सीबीएपी या वरच्या पातळीच्या परीक्षेला बसण्यासाठी मागच्या दहा वर्षांत 7,500 तासांचं प्रत्यक्ष काम दाखवावं लागतं. सहा वर्षांत तुमचे तास भरत आले असतील. अभ्यासाचा फायदा होतो, विशेषतः विस्कळीत अनुभवाला नावं मिळतात. उदाहरणार्थ, त्या संस्थेच्या मार्गदर्शिकेत 'ट्रान्झिशन रिक्वायरमेंट' असा वेगळा प्रकार आहे: जुन्यातून नव्यात जाण्यापुरत्या लागणाऱ्या आणि नंतर संपणाऱ्या गरजा. जुन्या वहीचं काय करायचं, अर्धवट नोंदी कुठे जातील, पहिले दोन आठवडे गेटवर मदतीला कोण उभं राहील? तुमच्या 212 मध्ये यातलं एकही आहे असं पत्रावरून दिसत नाही. परीक्षा द्या, पण आधी हा प्रकल्प सावरा. अर्धवट सोडलेल्या कामाचा सल परीक्षा पास झाल्याने जात नाही.

सावरायचं कसं? आधी मॅनेजरशी बोला. 'चूक माझी नव्हती' हे पहिलं वाक्य नको, आणि 'चूक माझी होती' हेही नको. म्हणा, 'लोक प्रणाली का वापरत नाहीत याचा मला एक अंदाज आहे, तो तपासायला दोन दिवस गोदामात घालवायचे आहेत.' दोन दिवस मागणं कुणाला जड जात नाही. परत आल्यावर एका पानापेक्षा जास्त लिहू नका: काय पाहिलं, त्यातून काय बदलावं लागेल, आणि न बदलल्यास काय चालू राहील. बदलाचे दोन-तीन पर्याय डेव्हलपरना सोबत घेऊन, अंदाजे खर्चासह मांडा. कारणाचा रकाना नुसता ऐच्छिक करणं हा सगळ्यात स्वस्त पर्याय असेल आणि तो लगेच मंजूर होईल. पण मग कारण भरलंच जाणार नाही, हेही त्याच पानावर लिहा. तपासणीच्या टेबलावर वेगळी स्क्रीन देणं महाग पडेल, पण माझा अंदाज खरा ठरला तर तेच करावं लागेल. निर्णय त्यांना घेऊ द्या. तो कशाच्या आधारे घेतला हे सगळ्यांना सारखंच समजलंय ना, एवढं मात्र पाहा: प्रत्येकाला त्याच्या शब्दांत सांगायला लावा की उद्यापासून त्याच्या विभागात काय बदलणार. सही त्यानंतर घ्या. सही नकोच असं मी म्हणत नाही, ती फक्त या बोलण्याच्या नंतर यावी.

आणि मॅनेजर नाही म्हणाले तर? तर तपासणीच्या टेबलावरच्या माणसाला जेवणाच्या सुट्टीत भेटा. अर्ध्या तासातही पुष्कळ कळतं.

गेटवर जाल तेव्हा लॅपटॉप नेऊ नका, नेमकं काय चुकतंय हे सांगायलाही जाऊ नका. आपण तपासायला आलोय असं वाटलं की लोक नियमाप्रमाणे वागून दाखवतात आणि तुमचा दिवस वाया जातो. पहिला तास नुसतं उभं राहा, जमलं तर दोन खोकी उचलायला हात लावा. मग नोंद करणाऱ्याला 'इतर' निवडताना पाहाल तेव्हा शांतपणे विचारा, 'हे निवडताना तुमच्या मनात खरं कारण काय होतं?' तो जे उत्तर देईल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. माझा तर्क चुकला असेल तर तेही मला कळवा, मला जाणून घ्यायला आवडेल.